चार नोझलचं सर्वो पिस्टन फिलर: आधी शेवटचा थेंब बघा, मग वेग

लिक्विड सोप आणि फ्लोअर क्लीनरच्या पॅकिंगचं काम माझ्याकडे आहे. फिलिंग मशीन म्हटलं की सगळे आधी विचारतात, मिनिटाला बाटल्या किती? मी बघते ते माप पूर्ण होताना नोझलच्या तोंडाशी काय होतं. तिथला थेंब बाटलीच्या गळ्यावर ओघळला की झाकणाचे आटे चिकट होतात, लेबल नीट बसत नाही आणि शिफ्टभर एक माणूस फडकं घेऊन उभा राहतो.

या बाबतीत हे सर्वो पिस्टन फिलर, म्हणजे मोटरने पिस्टन ढकलून ठरलेलं माप बाटलीत भरणारं मशीन, फार चांगलं आहे. झडप नोझलच्या टोकालाच आहे. माप संपलं की ती मिटते आणि लोंबणारी तार किंचित आत ओढली जाते. फेसही आटोक्यात राहतो, कारण नोझल बाटलीच्या तळाशी उतरतं आणि साबण चढेल तसं वर येतं. शेवटी धार आपोआप मंदावते. बाटली नसेल तर नोझल उघडतच नाही.

आमच्या साबणाची घनता मिलीला १.०३ ग्रॅम आहे, म्हणजे ५०० मिलीचं निव्वळ वजन ५१५ ग्रॅम यायला हवं. चारही नोझलचं वजन ५१३ ते ५१७ मध्ये राहतं. मात्र पिस्टन आकारमान मोजतो, वजन नाही. हवा धरलेला साबण घाईने हॉपरमध्ये, म्हणजे मशीनच्या टाकीत, घेतला तर वजन कमी भरणारच. बॅच आधी शांत बसू द्यावी लागते.

माझी खरी तक्रार झाकण बसवणाऱ्या कॅपिंग हेडबद्दल आहे. झाकण पकडणारं रबर झिजलं की झाकण फिरवणारा चक नुसता घसरतो, झाकण अर्धवट बसतं आणि स्क्रीनवर काहीच इशारा येत नाही. कळतं ते बॉक्समध्ये आडवी पडलेली बाटली गळाल्यावर. इतक्या चांगल्या फिलरला असं हेड जोडायला नको होतं. आता दर शिफ्टला मी टॉर्क मीटरवर काही झाकणं किती घट्ट बसलीत ते तपासून घेते.

धुवायला सोपं आहे, नोझल पान्याशिवाय सुटतात. सुगंध बदलताना सीलही बदला, रबरात वास राहतो.

पारदर्शक बाटल्यांची पातळी रांगेत एकसारखी दिसायला हवी असेल, तर ओव्हरफ्लो फिलर, म्हणजे ठरलेल्या पातळीपर्यंत भरणारं मशीन, बघा. पिस्टन माप अचूक भरतो, पण बाटलीची जाडी कमीजास्त असली की पातळी वरखाली दिसते. दाट साबणासाठी मात्र मी हेच मशीन पुन्हा घेईन, कॅपिंग हेड दुसरं लावून.