मिरजेचा तंबोरा ऑर्डरीनं करून घेताना: पट्टी, लांबी आणि जवारी

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा घ्यायला आलेल्या माणसाची नजर आधी जाते ती नक्षीवर. भोपळ्यावरची कोरलेली पानं, दांडीच्या कडेची पांढरी किनार, खुंट्यांचे घडवलेले माथे. नक्षी सुंदर असते यात वाद नाही, पण तंबोरा बोलतो तो जेमतेम दीड इंच रुंदीच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या तुकड्यावर. ऑर्डर देताना पैसे आणि लक्ष कुठे घालायचं याचा हिशेब त्या दीड इंचापासून मांडावा.

आधी निकाल सांगतो. काळी एक किंवा काळी चार या नेहमीच्या पट्टीत (म्हणजे हार्मोनियमच्या त्या काळ्या स्वराला सा धरून) गाणाऱ्यानं तयार तंबोरा दुकानात बसून, चार-पाच वाद्यं लावून बघून घेतला तरी चालतं. ऑर्डर द्यावी ती तीन कारणांसाठी: पट्टी आडवी असेल (पांढरी दोन, काळी दोन, काळी तीन), एकसारखी जोडी हवी असेल, किंवा डाव्या हातानं छेडणाऱ्यासाठी खुंट्या-घोडीची मांडणी उलटी हवी असेल. या तिन्ही बाबतींत मिरजेच्या तोडीचं काम सहजासहजी दुसरीकडे मिळत नाही.

त्याचं कारण गावाच्या घडणीत आहे. तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांत एकोणिसाव्या शतकात हे काम सुरू झालं, आणि त्यात फरीदसाहेबांचं नाव पहिलं घेतलं जातं. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा गवई मिरजेत राहिला. 1937 साली ते गेले, त्यांची कबर मिरजेतच दर्ग्याजवळ आहे आणि उरुसात तिथे आजही गाणं होतं. वाद्य करणारा आणि त्यातली खोट कानानं पकडणारा एकाच गावात असले की कारागिरी सैल पडत नाही. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. पण मानांकनानं संरक्षण मिळतं ते नावाला. एकेका वाद्याची परीक्षा त्यात होत नाही, ती घेणाऱ्यालाच करावी लागते.

पट्टी सांगा, लांबी कारागीर सांगेल

"मोठा तंबोरा हवा" ही ऑर्डर नव्हे. आधी खर्ज, म्हणजे सगळ्यांत खालच्या सा ची तार, कुठे लावणार ते सांगा. काळी एकचा मर्दानी तंबोरा उंचीला साधारण 5 फूट भरतो, आणि घोडीपासून दांडीच्या वरच्या टोकाच्या आधारापर्यंत तारेची मोकळी लांबी 38 ते 40 इंच असते. काळी चारच्या जनानी तंबोऱ्यात हीच लांबी 30-32 इंचांवर येते. मधल्या पट्ट्यांची गफलत इथेच होते. काळी दोनवर गाणारा मर्दानी तंबोरा चढवून लावतो, तेव्हा ताण वाढून तारा खुंटीच्या वळणाशी तुटतात. काळी तीनवाला जनानी उतरवून लावतो, तेव्हा खर्ज ढिला पडून घोडीवर फटफटतो आणि जवारी, म्हणजे घोडीला तार स्पर्शून उमटणारा झंकार, उघडतच नाही. जाड तार घालून वेळ मारून नेता येते, पण जाड तार ताठर असते आणि तिच्यातून वरचे स्वर कमी निघतात. एका तंबोऱ्याला त्याच तारांवर एखादा स्वर खाली-वर जाऊ द्यावा. त्यापलीकडे तारा बदलाव्यात, आणि तोही उपाय थोड्याच अंतरापर्यंत चालतो.

तारांचे नंबर ऑर्डरीच्या कागदावर लिहून घ्या. नंबर चढतो तशी तार बारीक होते, हे नवख्याच्या लक्षात राहत नाही. 30 नंबर म्हणजे 0.0124 इंच, 22 नंबर म्हणजे 0.028 इंच. काळी एकला सुरुवात म्हणून पंचमाला (पहिल्या तारेला) 28 नंबर पोलादी, जोडाला (मधल्या दोन सा च्या तारांना) 30 नंबर पोलादी आणि खर्जाला 22 नंबर ब्राँझ धरा. काळी चारला पंचम 29, जोड 31 आणि खर्ज 24 नंबर पितळी. पंचमाऐवजी मध्यम किंवा निषाद लावायचा असतो तेव्हा पहिल्या तारेवरचा ताण बराच बदलतो. ही लावणी रोजची असेल तर कारागिराला आधीच सांगा, म्हणजे तो त्या तारेची जवारी तशी काढेल. पंचम आणि निषाद दोन्ही हवे असतील तर पाच किंवा सहा तारांचा तंबोरा सांगावा. मात्र त्याला घोडी आणि दांडी दोन्ही रुंद लागतात. चार तारांच्या वाद्यात मागाहून खुंटी वाढवून हे साधत नाही.

इथे बेस गिटारवाल्यांना ओळखीचं काही सापडेल. 1951 साली आलेल्या फेंडर प्रिसिजन बेसची 34 इंचाची लांबी आजही सर्वमान्य आहे. पाचवी, खालच्या बी ची तार आली की तीच लांबी तोकडी वाटू लागते, म्हणून पाच तारांचे बेस घडवणारे बरेचजण 35 इंचांवर जातात. खर्जाला लांबी लागते, हा नियम दोन्ही वाद्यांना सारखाच. काळी एकचा खर्ज म्हणजे बेसच्या ए तारेवरचा चौथा पडदा, साधारण 69 हर्ट्झ. ऑर्केस्ट्रात बेस वाजवणाऱ्यानं घरातला तंबोरा लावून द्यायचा असेल तर तेवढा एक पडदा लक्षात ठेवला तरी पुरतं. आणि चांगला बेस ऑर्डर करताना माणूस लांबी, लाकूड, ब्रिज आणि तारांचा संच हे सगळं लिहून देतो. तंबोऱ्याच्या ऑर्डरीलाही तेवढाच तपशील हवा.

भोपळा आणि लाकूड

भोपळा कडू जातीचा, आणि तो येतो सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं. वाळलेला भोपळा कापून पाण्यात भिजवतात, मऊ झाला की आतला गर खरवडून काढतात आणि आकार बसू नये म्हणून आत बांबूच्या काड्यांचे टेकू देऊन पुन्हा वाळवतात. हे वाळवणं घाईत उरकलं तर पहिल्याच उन्हाळ्यात भोपळा आणि गळा (भोपळा दांडीला जोडणारा भाग) यांच्या सांध्यावर केसासारखी चीर दिसते. दांडी, गळा आणि तबकडी (भोपळ्याचं तोंड झाकणारी फळी) तुणीच्या लाकडाची. वजनाला हलकं, चांगलं मुरलेलं, सरळ रेषांचं लाकूड हवं. तबकडीला मध्यभागी किंचित फुगवटा असतो. सपाट तबकडी घोडीच्या दाबानं वर्षा-दोन वर्षांत बसते आणि मग तारा खाली येऊन जवारी पार बिघडते.

ऑर्डर देणाऱ्याला तयार मालापेक्षा एक मोठी सोय असते: तबकडी बसण्याआधीचा भोपळा आतून बघता येतो. प्रत्यक्ष जाता येत नसेल तर फोटो मागवा. आत कापड चिकटवून बुजवलेली भेग असली तर ती का आणि कुठे आहे ते विचारा. छोटी, नीट बुजवलेली भेग आवाजाला बाधत नाही. घोडीच्या खालच्या अंगाला, जिथून तारांची ओढ सुरू होते तिथे भेग असेल तर भोपळा बदलून मागावा.

खुंट्या बघायची रीत सोपी आहे. खुंटी ओढून काढा आणि तिच्यावर घासून आलेली चकाकी बघा. दोन्ही भोकांशी सारखा चकाकता पट्टा दिसला तर खुंटी नीट बसली आहे. एकाच बाजूला चकाकत असेल तर ती एका भोकात अडते आणि दुसऱ्यात सैल फिरते. अशी खुंटी कितीही खडू लावला तरी घसरतच राहणार.

जवारी

घोडीची पाठ सपाट दिसते, पण सपाट नसते. तार जिथून घोडी सोडते तिथे पाठीला इतका हलका उतार दिलेला असतो की थरथरणारी तार तिला पुन्हा पुन्हा स्पर्शून जाते. त्या स्पर्शातून वरचे स्वर उमलतात. तार ज्या जागी छेडावी तिथे ज्या स्वरांशाचा (मूळ स्वरासोबत निघणाऱ्या वरच्या स्वराचा) स्थिर बिंदू येतो, तो स्वरांश नियमानं ऐकू यायला नको. तंबोऱ्यात तो येतो, आणि सी. व्ही. रामन यांनी 1921 च्या सुमारास नेमकी हीच गोष्ट तपासून मांडली. मिरजेचा कारागीर हे काम कानसेनं आणि कानानं करतो. दोन-चार हात फिरवले, तार चढवली, ऐकलं, पुन्हा उतरवली. एका घोडीवर यात अर्धा दिवस सहज जातो, आणि तंबोऱ्याची खरी मजुरी इथे आहे असं आमचं ठाम मत आहे.

घेताना परीक्षा अशी करा. जवारी उघडायला घोडीवर प्रत्येक तारेखाली एक सुती दोरा असतो. ते चारही दोरे घोडीवरून बाहेर सरकवून घ्या आणि खर्ज छेडा. आवाज कोरडा, बुजलेला येईल. आता दोरा तारेखाली घेऊन घोडीच्या मधल्या भागाकडे तांदळाच्या दाण्याच्या निम्म्यानं, अगदी हळू सरकवत जा आणि दर वेळी छेडा. चांगल्या जवारीत आवाज आधी जरा उजळतो, मग त्यातून गंधार वर येतो, मग तो भरून वाहायला लागतो आणि पुढे सरकवलं की पुन्हा मिटतो. हा प्रवास सलग हवा. दोरा एकाच टाचणीएवढ्या जागी असताना बोलत असेल आणि जरा हलताच मुका होत असेल तर पाठीला खड्डा आहे किंवा उतार तुटक आहे. धातूचा चरचरीत आवाज येत असेल तर तार कडेवर आपटते आहे. या दोन्ही खोटी तिथल्या तिथे, पुन्हा कानस मारून निघतात, म्हणून वाद्य ताब्यात घेण्याआधी सांगा. चारही तारांचा उजाळा सारखा हवा. जोड झगमगतो आणि खर्ज मिटलेला, अशी वाद्यं नक्षीच्या भरात विकली जातात.

खुली (झणझणीत) जवारी हवी की गोल (मऊ), हेही आधी ठरवा. पेटीच्या साथीत, मोठ्या सभागृहात खुली बरी वाटते. पण रोजच्या रियाजाला, लहान खोलीत, ती कानाला थकवते. आम्ही गोलच सांगू. शिवाय घोडी झिजून जवारी आपोआप बदलतेच, तारेखाली बारीक चरे पडतात. म्हणून घोडीची जाडी सुरुवातीला पुरेशी असू द्या, म्हणजे पुढे तीन-चार वेळा घासून काढता येईल. घोडी कसली घ्यावी? हाडाची उजळ बोलते आणि टिकते, फायबरची बरीच टिकते पण जरा काचेसारखी वाजते, शिसवीची मऊ आणि लवकर झिजणारी. सांबरशिंगाची घोडी कुणी देऊ केली तर घेऊ नका, वन्यजीव कायद्यानं तिचा व्यापार बंद आहे.

जमवणाऱ्यांसाठी

वाद्यं जमवण्याची ओढ आम्हाला पुरती कळते. एकाच हातच्या दोन तंबोऱ्यांतही दोन वेगळे गळे असतात, आणि तिसरा ऐकल्याशिवाय ते कळत नाही. पण संग्रह वाढवायचा तर पट्टीनं वाढवा. काळी एकचे तीन नक्षीदार तंबोरे असण्यापेक्षा काळी एकची एक जुळी जोडी आणि काळी तीनचा एक तंबोरा जास्त कामाचा. जोडी एकदमच सांगावी. एकाच लाकडाच्या दांड्या, घेराला इंचभराच्या आत जुळणारे भोपळे, एकाच कारागिराच्या हातची जवारी. दोन वर्षांनी "याच्यासारखाच दुसरा" मागितला तर लाकूड तेच मिळत नाही आणि भोपळा तर मुळीच नाही.

जुना तंबोरा घेताना दांडीकडे डोळा लावून, बंदुकीची नळी बघावी तसं, घोडीपासून वरपर्यंत बघा. दांडी तारांकडे झुकली असेल तर दुरुस्ती मोठी आहे. नखानं भोपळ्यावर टिचक्या मारत फिरा, पोकळ-भुसभुशीत आवाज आला तर तिथे भुंगा लागला आहे. हस्तिदंती किनार असलेल्या जुन्या वाद्याच्या खरेदी-विक्रीत कायद्याची अडचण येते, आणि शंभर वर्षांहून जुनं वाद्य पुरावस्तूत मोडतं, ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी गिऱ्हाइकाला विकायच्या हिशेबानं जुनी वाद्यं गोळा करणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं. प्रत्येक वाद्यासाठी भोपळ्याच्या गवसणीत एक चिठ्ठी ठेवा: पट्टी, चार तारांचे नंबर, दोऱ्याची जाडी, जवारी शेवटची कधी काढली. पाच वाद्यं झाली की स्मरणशक्तीवर भागत नाही.

ताब्यात घेणं आणि नेणं

मिरजेच्या कामात उणं काय, तर तारीख. पावसाळ्यात सरस सावकाश वाळतो, लाखेचं पॉलिश धुरकट होतं, त्यामुळे जूनमध्ये दिलेली ऑर्डर गणपतीला मिळेल हे गृहीत धरू नका. दिवाळीनंतर ऑर्डर आणि उन्हाळ्याच्या तोंडाला ताबा, हा क्रम सोयीचा. कोटेशनमध्ये वाद्य, नक्षी, घोडी आणि वाद्य ठेवायची पेटी यांचे आकडे वेगळे मागा. नक्षी कमी करून तो पैसा चांगल्या घोडीत घालायला कारागीर आनंदानं तयार होतात.

नेताना तारा पूर्ण सोडू नका. दोन-तीन स्वर उतरवा, एवढंच. तारा पार ढिल्या केल्या की घोडी जागेवरून हलते, म्हणून निघण्याआधी तबकडीवर घोडीच्या चारही कोपऱ्यांशी पेन्सिलीनं बारीक खूण करून घ्या. सूर बारीक जुळवायला घोडीमागे तारेत ओवलेले मणी आपल्या जागेच्या मधोमध आणून मग खुंटीनं सूर लावायचा, म्हणजे वर-खाली दोन्हीकडे वाव राहतो. घरी आणल्यावर आठवडाभर तंबोरा रोज लावा, तारा ताणून बसेपर्यंत उतरतच राहणार. आणि पहिला पावसाळा सरल्यावर घोडी एकदा कारागिराला दाखवून आणा. नवं लाकूड तोवर आपली जागा धरतं, जवारी थोडी मिटते, आणि त्या वेळचा कानसेचा हात पहिल्यापेक्षा जास्त काळ टिकतो.