विम प्रो: घरातल्या जुन्या ॲम्प्लिफायरला जोडायला स्वस्त स्ट्रीमर

ॲम्प्लिफायर आणि स्पीकर चांगले आहेत, गाणी मात्र सगळी मोबाइलवर, अशा घरांसाठी हे खोकं आहे. लिंकप्ले कंपनीचा विम प्रो (भांड्यांच्या विमशी संबंध नाही) वायफायवरून किंवा लॅन केबलने गाणं आणतो आणि ॲम्प्लिफायरच्या ऑक्स (बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या) सॉकेटमध्ये सोडतो. अमेरिकेत त्याची मूळ किंमत १४९ डॉलर. भारतात आयात शुल्क आणि जीएसटी धरून तो महाग पडतो, तरी या कामासाठी आजही आमची पहिली शिफारस हाच. कारण मात्र त्याचा डॅक (डिजिटल गाण्याचा ॲम्प्लिफायरला कळणारा सिग्नल करणारी चिप) नाही.

स्ट्रीमर निवडताना बहुतेक जण आधी डॅकची चिप बघतात. आधी बघायचं ते आपलं ॲप. घरात यूट्यूब म्युझिक चालतं की स्पॉटिफाय की ॲपल म्युझिक, आणि फोन अँड्रॉइड की आयफोन, यावर निम्मा निर्णय होतो. ॲप उघडा, कास्टचं चिन्ह दिसतं का बघा. दिसत असेल तर गूगल कास्ट असलेला स्ट्रीमर हवा. त्यात स्ट्रीमर गाणं थेट इंटरनेटवरून ओढतो आणि फोन फक्त रिमोटचं काम करतो. फोन आला तरी गाणं थांबत नाही. स्पॉटिफाय कनेक्टचंही तसंच. ॲपलच्या एअरप्लेमध्ये आवाज आयफोनमधून येतो, त्यामुळे फोन घेऊन कोणी खाली दूध आणायला गेलं की गाणं बंद. ब्लूटूथ तर शेवटचा पर्याय: आवाज दाबून पाठवला जातो आणि व्हॉट्सॲपचं टुणकन वाजणंही स्पीकरवर ऐकू येतं.

म्हणूनच स्वस्तातला विम मिनी अँड्रॉइडवाल्यांनी जपून घ्यावा. त्यात एअरप्ले २ आहे, स्पॉटिफाय कनेक्ट आहे, पण गूगल कास्ट नाही आणि लॅनचं सॉकेटही नाही. अँड्रॉइडवर यूट्यूब म्युझिक ऐकणाऱ्याला त्यात ब्लूटूथवर यावं लागतं, मग स्ट्रीमर घेतला कशाला? आयफोन असेल किंवा फक्त स्पॉटिफाय ऐकायचं असेल तर मिनी पुरतो. प्रोमध्ये कास्ट, एअरप्ले २, लॅन, आरसीए (लाल-पांढऱ्या सॉकेटची जोडी), ऑप्टिकल (प्रकाशाने डिजिटल आवाज नेणारं) आणि कोॲक्सियल (तारेने डिजिटल आवाज नेणारं) आउट, शिवाय आरसीए आणि ऑप्टिकल इनही मिळतं.

त्याच्या वरच्या प्रो प्लसची मूळ किंमत २१९ डॉलर. फरक मुख्यतः डॅकचा: प्रोमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची पीसीएम५१२१, प्लसमध्ये एकेएमची एके४४९३. कागदावर सिग्नल आणि गोंगाटाचं गुणोत्तर पहिलीचं १०६ डेसिबल, दुसरीचं १२३. हॉलमध्ये पंखा तीनवर फिरत असताना हा फरक ऐकू येईल अशी अपेक्षा ठेवू नका. ॲम्प्लिफायरला ऑप्टिकल इन असेल किंवा वेगळा डॅक असेल तर स्ट्रीमरचा डॅक वापरलाच जात नाही, मग प्लसचे पैसे वायाच. प्लससोबत रिमोट येतो, प्रोला तो वेगळा घ्यावा लागतो, एवढं हिशेबात धरा.

जोडणीत सगळ्यात जास्त चुका होतात. आरसीए केबल ॲम्प्लिफायरच्या ऑक्स, सीडी किंवा ट्यूनर सॉकेटमध्ये लावा. फोनो सॉकेटमध्ये कधीच नाही; ते रेकॉर्ड प्लेअरच्या अगदी क्षीण सिग्नलसाठी असतं, तिथे आवाज कैक पटींनी वाढतो, खर्ज फुगतो आणि सगळं फाटकं ऐकू येतं. पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असलेल्या जुन्या ॲम्प्लिफायरला डिन-ते-आरसीए केबल लागते. ती घेताना ‘इन’च्या पिनांची आहे ना, हे दुकानदाराला विचारा.

मग विम होम ॲपमध्ये लाइन आउटची पातळी बघा. सुरुवातीला ती २ व्होल्ट असते. जुने ॲम्प्लिफायर साधारण १५० ते २०० मिलिव्होल्टवर पूर्ण जोर देतील असे बनवलेले आहेत, त्यामुळे नॉब जरासा फिरवला की घर दणाणतं आणि हळू आवाजात नीट बेतताच येत नाही. पातळी ५०० किंवा ८०० मिलिव्होल्टवर आणली की नॉब पुन्हा शहाण्यासारखा वागतो. आवाज नॉबनेच ठरवायचा असेल तर ॲपमधला ‘फिक्स्ड व्हॉल्यूम’ चालू करता येतो. पण तोच स्ट्रीमर नंतर थेट ॲक्टिव्ह (आतच ॲम्प्लिफायर असलेल्या) स्पीकरला लावाल तर आधी फिक्स्ड बंद करा, नाहीतर पहिलं गाणं पूर्ण जोरात सुटेल.

जोडल्यावर घूं असा आवाज आला तर दोष बहुधा स्ट्रीमरचा नसतो. त्याच ॲम्प्लिफायरला टीव्ही किंवा सेटटॉप बॉक्स जोडलेला असेल तर केबलवाल्याची कोॲक्सियल वायर काढून बघा. आवाज गेला तर तो ग्राउंड लूप आहे, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या अर्थिंगमधून तारांवाटे फिरणारा प्रवाह. टीव्हीपासून ऑप्टिकल केबल आणली की तारेचा संबंधच तुटतो आणि घुंघावणं थांबतं. ऑप्टिकल केबलच्या टोकावरचं प्लास्टिकचं टोपण काढायला विसरू नका, आणि ती कोपऱ्यात मुडपू नका. ऑप्टिकलवर १९२ किलोहर्ट्झच्या फाइल तुटत असतील तर ॲपमध्ये कमाल मर्यादा ९६ किलोहर्ट्झ करा.

पहिल्यांदा चालू करताना फोनचं ब्लूटूथ आणि लोकेशनची परवानगी चालू ठेवा, त्याशिवाय ॲपला यंत्र सापडत नाही. फर्मवेअर अपडेट पूर्ण होऊ द्या, मध्येच वीज तोडू नका. फोन आणि स्ट्रीमर एकाच वायफायवर हवेत. राउटरवर गेस्ट नेटवर्क असेल तर त्यावरची यंत्रं एकमेकांना दिसत नाहीत, आणि ‘स्ट्रीमर सापडत नाही’ ही तक्रार कित्येकदा एवढ्यावरच मिटते. लोखंडी कपाटामागे ठेवलेल्या स्ट्रीमरला चांगलं वायफायही पुरत नाही. राउटर जवळ असेल तर लॅन केबलच टाका. वीज यूएसबी-सीने ५ व्होल्टची, त्यामुळे परदेशातून आणला तरी प्लगची अडचण नाही. फोनचा २ अँपिअरचा बरा चार्जर चालतो.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांसाठी एक बारकावा. सीडीवर विलंबित आणि द्रुत वेगळ्या ट्रॅकमध्ये असतात, मध्ये तबला चालूच असतो. कास्टवर ट्रॅक बदलताना क्षणभराची फट पडते आणि समेवर येता येता हिसका बसतो. त्यासाठी सीडी फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणाऱ्या फाइलमध्ये) उतरवून घरातल्या डीएलएनए सर्व्हरवर (नेटवर्कवरून गाणी पुरवणाऱ्या यंत्रावर) ठेवा आणि विमच्याच ॲपमधून वाजवा. तिथे सलग वाजतं. मात्र प्रोला पेनड्राइव्ह लावता येत नाही. पेनड्राइव्ह राउटरच्या यूएसबीला लावावा लागतो, आणि राउटरमध्ये मीडिया सर्व्हरची सोय हवी.

गूगलचा जुना स्ट्रीमर क्रोमकास्ट ऑडिओ स्वस्तात मिळतो म्हणून मोहात पडू नका. गूगलने तो २०१९ मध्येच बंद केला, आणि मार्च २०२५ मध्ये प्रमाणपत्राची मुदत संपल्याने जगभरातले हे तुकडे काही दिवस मुके झाले होते. गूगलने दुरुस्ती पाठवली, पण पुढच्या वेळी पाठवेलच असं नाही. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा स्वस्त संगणक) आणि वर डॅकची पाटी हा हौशी मार्ग मात्र खरोखर चांगला आहे: स्पॉटिफाय, एअरप्ले, घरातल्या फाइल सगळं चालतं. त्यात पायकोअरप्लेअर हे सॉफ्टवेअर घातलं तर ते रॅममधून चालतं, म्हणून अचानक वीज गेली तरी मेमरी कार्ड बिघडत नाही. गूगल कास्टची अधिकृत सोय तिथे नाही, त्यामुळे यूट्यूब म्युझिकवाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये. आणि घरात डेनॉनची हिओस किंवा यामाहाची म्युझिककास्ट ही स्ट्रीमिंगची सोय असलेला रिसीव्हर असेल तर काहीच विकत घेऊ नका, स्ट्रीमर त्याच्या पोटातच आहे.

घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर रिमोट घ्याच. प्रीसेटच्या बटणांवर रेडिओ केंद्र आणि आवडीच्या प्लेलिस्ट आधी नेमून द्या. मग फोनला हात न लावता सकाळी एका बटणावर भक्तिगीतं सुरू होतात.