कोल्हापूरजवळच्या शिरोलीत ट्रकच्या चाकाला दुसऱ्या कंपनीची डिस्क : काम चोख, एक खोट

दहाही भोकं स्टडवर, म्हणजे हबच्या बोल्टांवर, बसली म्हणजे चाकाची डिस्क (रिम) बसली, असं इथला मिस्त्री मानत नाही. पीसीडी, म्हणजे बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, ३३५ मिमी जुळला तरी मधलं भोक २८१ मिमीच आहे का, ते मोठ्या व्हर्नियरनं बघतो. भोक मोठं निघालं तर सरळ नकार. डिस्क हबवर मध्यात बसत नाही, डुगडुगते आणि शेवटी स्टड तुटतात. सपाट वॉशरचा नट निमुळत्या भोकाला लावत नाही. हबचा गंज घासून नट समोरासमोर आवळतो. मागच्या जोडटायरांतली फटही पाहतो.

खोट एकच : शेवटचा आवळा एअर गननंच. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना, मागून घ्या. ५० ते १०० किलोमीटरनं, म्हणजे पुण्याकडे निघालात तर कराडच्या आसपास, नट पुन्हा तपासा.