तडजोडीच्या नावाखाली गेलेले १,००,३०० रुपये

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीतल्या हरभट रोडवरचे माझे कापडाचे दुकान पाण्याखाली गेले, त्यातून सावरतो न सावरतो तोच टाळेबंदी आली आणि २०१८ साली काढलेल्या तीन लाखांच्या वैयक्तिक कर्जाचे हप्ते थकले. कर्ज बुडवायची माझी नियत नव्हती, हे आधीच सांगतो. २०२२ मध्ये एकरकमी तडजोड, म्हणजे थकबाकीपेक्षा कमी रक्कम एकदाच भरून कर्ज मिटवण्याची सोय, करून द्या म्हणून मी स्वतः तीन वेळा बँकेच्या शाखेत गेलो होतो आणि तिन्ही वेळा ‘ते वरून ठरते’ एवढेच ऐकून परतलो होतो.

गेल्या वर्षी मुलीच्या शैक्षणिक कर्जात माझा सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारा गुणांक, आडवा आला आणि नेमका त्याच आठवड्यात ‘वसुली विभागा’तून फोन आला. फोन करणाऱ्याला माझा कर्ज खाते क्रमांक, कर्ज मिळाल्याची तारीख आणि २,१८,६४० रुपयांची थकबाकी तोंडपाठ होती. इतकी माहिती बाहेर कुठून गेली, याचे उत्तर बँकेने आजवर दिलेले नाही. ८५,००० रुपयांत खाते बंद, असे बँकेच्या नाममुद्रेचे पत्र व्हॉट्सॲपवर आले. तुम्हाला असे पत्र आले, तर ते घेऊन आधी शाखेत जा, जावक क्रमांक पडताळा आणि पैसे फक्त स्वतःच्या कर्ज खात्यातच भरा.

२५,००० रुपये भरताना, पिन टाकण्यापूर्वी, पडद्यावर बँकेचे नव्हे तर कोणा खासगी व्यक्तीचे नाव आले. मी थांबलो, विचारलेही. ‘एजन्सीच्या मालकांचे खाते आहे, सवलत आज रात्री बारापर्यंतच,’ असे तो म्हणाला. आणि गिऱ्हाइकाची पाचशेची नोट उजेडात धरून पाहणाऱ्या मी पिन टाकला. दुसऱ्या दिवशी ६०,००० गेले. तिसऱ्या दिवशी त्याने ८५,००० वर १८ टक्के जीएसटी म्हणून १५,३०० मागितले. कर्जफेडीवर जीएसटी नसतो हे जीएसटीचे विवरणपत्र भरणाऱ्या दुकानदाराला कळू नये, याची लाज आजही वाटते. त्यानंतर फोन बंद झाला.

शरमेने मी अकरा दिवस घरीही बोललो नाही. तुम्ही असे करू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच तासात फोन करा. पोलीस ठाण्यात ‘पैसे तुम्हीच पाठवलेत’ आणि ‘खाते दुसऱ्या जिल्ह्यातले आहे, तिकडे जा’ ही दोन वाक्ये मला चार खेपांत ऐकवली गेली. गुन्हा कुठेही घडला तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तक्रार नोंदवून घ्यावी लागते, हे वकिलाकडून लेखी नेले तेव्हा कुठे कागद हलला. शाखेत तर ‘आधी आमच्याकडे का आला नाहीत?’ असे विचारण्यात आले, आणि हे विचारणारे साहेब २०२२ मध्ये मला परत पाठवणारेच होते! लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आले नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केला आहे. आणि खरी तडजोड झाली तरी सिबिलमध्ये खाते ‘बंद’ नव्हे, तर ‘तडजोड’ असे दिसते, हेही मला कोणी सांगितले नव्हते.

परवा आणखी एकाचा फोन आला, एकरकमी भरत असाल तर सवलत करून देतो म्हणाला. शाखेचे पत्र टपालाने पाठवा, असे मी सांगितले. पत्र अद्याप आलेले नाही. व्याज मात्र चढतेच आहे.