न्हावा शेवा बंदर : बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून माल पाठवणाऱ्याचा रिव्ह्यू

५ पैकी ४ स्टार. आमचं कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, बेळगावातून न्हावा शेवाला जातंय, कंटेनर कारखान्यातच भरून ई-सील (इलेक्ट्रॉनिक सील) लावतो आणि गाडी थेट बंदरात, मधे सीएफएसला (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डाला) जायचं कामच नाही, म्हणजे एक थांबा वाचला आणि तेवढं डिझेलपण. ह्याला डायरेक्ट पोर्ट एंट्री म्हणतात, अजून घेतली नसेल तर घ्या की!

पण मला खरं आवडलं ते आतलं काम. यार्डातल्या रबर टायरच्या त्या उंच क्रेन पूर्वी डिझेलवर धडधडायच्या, आता बऱ्याच विजेवर केल्यात, खाली उभ्या गाडीच्या केबिनमधे काळा धूर भरत नाही, आमचे ड्रायव्हर मामा परत आले की आधी हेच सांगतात. सप्टेंबर २०२५ मधे इलेक्ट्रिक ट्रक पण उतरवलेत, बॅटरी संपली की चार्जिंगला ताटकळत बसायचं नाही, भरलेली बॅटरी बसवायची आणि निघायचं. हे सगळं चालू बंदरात करणाऱ्या लोकांना मानलं पाहिजे.

एक स्टार कापला तो बाहेरच्या एका खाजगी यार्डामुळे. रिकामा कंटेनर घ्यायला रात्रभर लाईन, गाड्या इंच इंच सरकतात, इंजिन चालूच. वेळ ठरवून टोकन द्या ना!

गोव्याचं मुरगाव बंदर आपल्याला जवळ, तिथंही ‘हरित श्रेय’ योजनेत कमी प्रदूषण करणाऱ्या जहाजांना शुल्कात सूट देतात, चांगलंच आहे, पण तिथला कोळसा रेल्वेनं खानापूर तालुक्यातल्या लोंढा स्टेशनवरून जातो, त्या वाघिणीपण नीट झाकून पाठवा. खानापूरवाल्यांनी ही मागणी लावून धरा.