मुंबई, फेस्टिवल की स्वतंत्र ऑर्केस्ट्रा? नागपूरच्या व्हायोलिन-चेलोवाल्या पोरांसाठी

नागपुरात वेस्टर्न क्लासिकल शिकणारी पोट्टे-पोट्टी मोजकीच आहेत पण जी आहेत ती सिरीयस आहेत. धरमपेठ, सदर, लक्ष्मीनगर इकडे कुणा सरांकडे मॅडमकडे जातात, ट्रिनिटी नाहीतर एबीआरएसएम या लंडनच्या बोर्डांच्या संगीताच्या परीक्षा देतात, आणि त्यातली शेवटची, आठवी ग्रेड झाली की घरी एकच विषय सुरू होतो की आता पुढे काय. त्यात युट्यूबवर वीस-बावीस वर्षांच्या पोरांचे ऑर्केस्ट्रा दिसतात, वीस देशांची पोरं एकत्र बसून माहलरसारख्या संगीतकाराच्या मोठमोठ्या सिम्फनी वाजवतायत, आणि वाटतं आपणही तिथे असायला पाहिजे. वाटायलाच पाहिजे. पण हे सगळे ऑर्केस्ट्रा दिसायला सारखे असले तरी आतून फार वेगळे चालतात, म्हणून तीन रस्ते शेजारी शेजारी ठेवून लिहितोय: मुंबई, जुलैतले फेस्टिवल ऑर्केस्ट्रा, आणि वादकांनीच चालवलेले स्वतंत्र ऑर्केस्ट्रा.

आधी जिथे अर्ज करता येत नाही ती नावं बाजूला काढू, कारण त्यात लोकांचे महिने वाया जातात. युरोपियन युनियन यूथ ऑर्केस्ट्रा 1976 चा, नाव मोठं, पण तो युरोपियन युनियनच्या देशांतल्या पोरांसाठी आहे. व्हिएन्नाचा गुस्ताव माहलर यूथ ऑर्केस्ट्रा इटालियन कंडक्टर क्लाउडिओ अबाडोंनी 1986 मध्ये काढला, तोही युरोपातल्या 26 वर्षांपर्यंतच्या वादकांचा. कंडक्टर-पियानिस्ट डॅनियल बारेनबॉइम आणि पॅलेस्टिनी वंशाचे लेखक एडवर्ड सईद यांनी 1999 मध्ये सुरू केलेला वेस्ट-ईस्टर्न दिवान तर इस्रायली, पॅलेस्टिनी आणि अरब तरुणांना एका स्टेजवर बसवायलाच निघाला. तिघांचेही व्हिडिओ जरूर बघा, कान तयार होतात, पण भारतीय पासपोर्टवर यांच्या मागे लागू नका.

आता फेस्टिवलवाले. इथे दार खरंच उघडं आहे. जपानमधल्या साप्पोरोचा पॅसिफिक म्युझिक फेस्टिवल अमेरिकन कंडक्टर लिओनार्ड बर्नस्टाइननी 1990 मध्ये सुरू केला, त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये ते गेले, म्हणजे आयुष्यातलं शेवटचं मोठं काम त्यांनी तरुण पोरांसाठी केलं, मला ही गोष्ट फार मोठी वाटते. तिथे 18 ते 29 वयाचे वादक कुठल्याही देशातून घेतात, आणि व्हिएन्ना, बर्लिन फिलहार्मोनिकसारख्या ऑर्केस्ट्रांमधले लोक शिकवायला येतात. उत्तर जर्मनीतला श्लेस्विग-होल्स्टाइनचा फेस्टिवल ऑर्केस्ट्राही बर्नस्टाइन यांचाच, 1987 चा. स्वित्झर्लंडमधल्या व्हर्बियेचा फेस्टिवल 1994 पासून आहे, त्याचा ऑर्केस्ट्रा 2000 पासून, वय 18 ते 28, आणि त्यांचा 15 ते 18 वाल्यांसाठी ज्युनियर ऑर्केस्ट्राही आहे, तेव्हा अकरावी-बारावीच्या पोरांनी तो आधी बघावा.

फेस्टिवलचा फायदा म्हणजे तीन-चार आठवड्यांत जे कान आणि हात मिळतात ते इकडे तीन-चार वर्षांत मिळत नाहीत. तोटा असा की सगळं वरून ठरलेलं असतं, कंडक्टर ठरलेला, प्रोग्राम ठरलेला, तुम्ही वाजवायचं, शिकायचं आणि ऑगस्टमध्ये घरी. मग पुन्हा तुमची खोली आणि तुमचं स्टँड. ज्याच्याकडे परतल्यावर बसायला कुठला ऑर्केस्ट्रा नाही त्याचं ते शिकलेलं सहा महिन्यांत विरायला लागतं, आणि नागपुरात तेच होण्याची शक्यता जास्त.

स्वतंत्र ऑर्केस्ट्रा ही गोष्ट वेगळीच आहे आणि मला सगळ्यात जास्त जवळची. याचा उगमच सुंदर आहे. ईयू यूथ ऑर्केस्ट्रातली पोरं वयाच्या मर्यादेला पोचली, आता वेगळं व्हायचं का, तर त्यांनी 1981 मध्ये स्वतःचा चेंबर ऑर्केस्ट्रा (म्हणजे कमी वादकांचा, लहान ऑर्केस्ट्रा) ऑफ युरोप काढला. 1997 मध्ये गुस्ताव माहलर यूथमधून बाहेर पडलेल्यांनी अबाडोंसोबत माहलर चेंबर ऑर्केस्ट्रा काढला, ऑफिस बर्लिनला, पण स्वतःचा असा हॉल नाही, गावोगाव फिरून एकत्र येतात, वाजवतात, पुन्हा पांगतात. यांच्यात सरकारी नोकरीसारखी पक्की खुर्ची नाही, पण काय वाजवायचं, कुणासोबत वाजवायचं यात वादकांचा शब्द चालतो. आणि झुबिन मेहता! मुंबईचा पोरगा 1954 मध्ये अठराव्या वर्षी व्हिएन्नाला शिकायला गेला, 1956 मध्ये हंगेरीत उठाव झाल्यावर निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा या विद्यार्थ्याने आठवड्याभरात विद्यार्थ्यांचा ऑर्केस्ट्रा उभा केला आणि निर्वासितांच्या कॅम्पात जाऊन कॉन्सर्ट केली. कुणाच्या परवानगीची वाट न बघता एकत्र येऊन वाजवणं, स्वतंत्र ऑर्केस्ट्राचा जीव तो आहे.

आपल्या पोरांना खरंच गाठता येईल असा यातला म्हणजे युंगं डॉइचं फिलहार्मोनी, 1974 चा, फ्रँकफर्टला ऑफिस. जर्मन भाषिक म्युझिक कॉलेजांत शिकणारे 18 ते 28 वयाचे विद्यार्थी ऑडिशन देऊन येतात, आपल्यातूनच बोर्ड निवडतात, प्रोग्राम ठरवण्यात भाग घेतात. आन्साम्बल मोडेर्न हा आजच्या काळातलं संगीत वाजवणारा नावाजलेला ग्रुप इथूनच 1980 मध्ये निघाला. पण वाक्य नीट वाचा, तिकडच्या कॉलेजात शिकणारे. म्हणजे नागपुरातून थेट नाही, आधी जर्मनीत अ‍ॅडमिशन, मग हा ऑर्केस्ट्रा.

म्हणजे पैशाचा प्रश्न आला. फेस्टिवलमध्ये निवड झाली की शिकवण्याचा, राहण्याचा खर्च बराचसा तेच उचलतात, घरच्यांच्या अंगावर मुख्यतः व्हिसा आणि प्रवास येतो, कुठे किती सूट आहे ते त्या वर्षीच्या फॉर्मवर वाचा. जर्मनीत सरकारी कॉलेजची फी बहुतेक राज्यांत नाहीच, फक्त सेमिस्टरचे थोडे पैसे, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मात्र बाहेरच्या देशांच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1500 युरो पडतात. पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, म्हणजे 12 लाखांच्या आसपास, आणि जर्मन भाषा वेगळी शिकावी लागते. चेलोवाल्यांनी अजून एक धरून चालायचं, विमानात चेलोचं वेगळं सीट काढावं लागतं.

आता मुंबई. इथे लोक नाक मुरडतात की फॉरेन नाही, काहून जायचं. मी उलट सांगतो. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 मध्ये मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सुरू झाला, खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनिस्ट मरात बिसेनगालिएव यांनी उभा केला, देशातला एकमेव प्रोफेशनल सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे, आणि 2012 पासून लहान मुलांसाठी त्यांची अकॅडमी आहे. पोरगं आठ-दहा वर्षांचं असेल आणि घर मुंबईला हलवता येत असेल तर मी दुसरा विचारच करणार नाही. मोठ्यांसाठीही, संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी मुंबई, फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या सीझनला जा, जमलं तर तिथल्या वादकांकडे लेसन घ्या, हौशी ग्रुपच्या रिहर्सलला बसू देतात का विचारा.

कारण आपल्या पोरांत नेमकी एक गोष्ट कमी असते आणि ती टॅलेंट नाही. सेक्शनमध्ये, म्हणजे एकच वाद्य वाजवणाऱ्यांच्या गटात, बसायची सवय नसते. एका स्टँडवर दोघं बसतात, प्रेक्षकांकडच्या बाजूचा वाजवत राहतो, आतल्या बाजूचा अर्ध्या बारसाठी वाजवायचं थांबून पान उलटतो आणि पुढच्या बीटला पुन्हा आत येतो. बो कुठे वर, कुठे खाली ओढायचा याच्या खुणा पेन्सिलने केलेल्या असतात, रिहर्सलमध्ये कॉन्सर्टमास्टरने (पहिल्या व्हायोलिनच्या प्रमुखाने) बोची दिशा उलटी केली की मागच्या सगळ्या स्टँडवर ती खूण खोडून नवीन लिहिली जाते. पियानिसिमोमध्ये, म्हणजे अगदी हळू वाजवायच्या जागी, स्वतःचा आवाज ऐकू आला तर तुम्ही जोरात वाजवताय. सोलो ग्रेडच्या परीक्षेत यातलं काहीच येत नाही, त्यामुळे डिस्टिंक्शनवालं पोरगंही पहिल्या रिहर्सलला दहा मिनिटांत हरवतं. ही गोष्ट युट्यूबवरून येत नाही, बसावंच लागतं.

तर माझं मत सरळ आहे. ज्याने कधीच सेक्शनमध्ये वाजवलं नाही त्याने वर्ष-दोन वर्ष मुंबईच्या फेऱ्या कराव्यात, मग फेस्टिवलला अर्ज करावा. वाजवणं आधीपासून पक्कं असेल आणि वय 20 च्या पुढे सरकलं असेल तर थेट फेस्टिवल, वय हातातून जातं. आणि ज्याला आयुष्यभर हेच करायचंय, घरची तयारी आहे, त्याने फेस्टिवलवर सगळं लावण्यापेक्षा जर्मनी आणि तिथून स्वतंत्र ऑर्केस्ट्राचा रस्ता धरावा, लांबचा आहे पण तिथे तुम्ही फक्त वाजवणारे राहत नाही, ऑर्केस्ट्रा कसा चालतो हे शिकता, आणि उद्या नागपुरात वीस जणांचा का होईना स्ट्रिंग ऑर्केस्ट्रा उभा करायचा तर असाच माणूस लागेल.

तयारीचं एक सांगतो. व्हायोलिनला बहुतेक ठिकाणी मोझार्टच्या कॉन्चेर्तोचा (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेचा) पहिला भाग आणि ऑर्केस्ट्राचे उतारे मागतात, त्यात स्ट्राउसच्या डॉन हुआनचं पहिलं पान हमखास, चेलोला बीथोवनच्या पाचव्या सिम्फनीची दुसरी मूव्हमेंट. व्हिडिओ एका टेकमध्ये, कट न करता. जुलैच्या फेस्टिवलचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच मागवतात, म्हणून रेकॉर्डिंग दिवाळीच्या सुट्टीत उरका. तेव्हा हवाही बरी असते. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात खुंट्या सटकतात, कूलरच्या ओलाव्यात त्याच घट्ट बसतात, आणि कूलरची घरघर माइकमध्ये येते ती वेगळीच. पियानो साथीला असेल तर तो कुठल्या पिचला लावलाय ते आधी बघा, युरोपात ए हा सूर 442-443 हर्ट्झवर लावून वाजवतात, आपल्याकडचे बरेच पियानो 440 वर नाहीतर त्याच्याही खाली असतात, तेव्हा ट्यूनरला आठवडाभर आधीच बोलवा.