सेन्सर बदलला म्हणून पैसे घेतले, बसवला मात्र जुनाच

पुण्यात सिंहगड रोडवरच्या एका गॅरेजमध्ये मी गाडीचा ऑक्सिजन सेन्सर (इंजिनाच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा पार्ट) बदलायचे ८,६०० रुपये दिले. सेन्सर बदललाच नव्हता. वर दहा दिवसांनी त्याच माणसाने मला ४२,००० रुपयांचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा डबा) टाकायला सांगितलं, आणि खरं सांगतो, मी हो म्हणायच्या बेतात होतो. आमच्याच सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्याच गॅरेजमध्ये मागच्या वर्षी कन्व्हर्टर बदलून घेतला होता. पेन्शनच्या पैशातून. ते कळल्यापासून मला गप्प बसवेना, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझी गाडी २०१४ ची, पेट्रोल हॅचबॅक, ७८,००० किलोमीटर झालेली. एव्हरेज सोळावरून हळूहळू बारावर आलं. सिग्नलला उभी असली की इंजिनाची गती आपोआप वरखाली व्हायची, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास यायचा. मग मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागला.

गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पी०१३३ हा बिघाडाचा कोड दाखवला आणि म्हणाला, "साहेब, ऑक्सिजन सेन्सर गेला. कंपनीचा ओरिजिनल टाकतो, संध्याकाळी या." संध्याकाळी दिवा बंद होता. त्याने नव्या सेन्सरचा खोका दाखवला, जुना सेन्सर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हातात दिला. जुना पार्ट स्वतःहून परत देतोय म्हणजे माणूस सरळ आहे, असं मला वाटलं. पैसे रोख दिले. बिल म्हणून कोऱ्या चिठ्ठीवर "सेन्सर काम" एवढंच लिहिलेलं होतं.

दहाव्या दिवशी नवले पुलाजवळ तोच दिवा पुन्हा लागला. या वेळी त्याने स्कॅनर लावलाही नाही. "मग कन्व्हर्टर चोक झालाय. बेचाळीस हजार. जुना आमच्याकडे ठेवलात तर दोन हजार कमी करतो."

त्या रात्री माझा भाचा घरी आला होता. तो चाकणला नोकरीला आहे आणि गाडीला लावायचं छोटं ब्लूटूथ स्कॅनर बाळगतो. पार्किंगमध्ये त्याने ते स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावलं. कोड तोच, पी०१३३. हा पुढच्या सेन्सरच्या संथ प्रतिसादाचा कोड आहे. कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी झाल्याचा कोड पी०४२० असतो, आणि तो कुठेच नव्हता.

मग त्याने मोबाइलवर दोन्ही सेन्सरचे आकडे दाखवले. माझ्यासारख्या गाडीत असे दोन सेन्सर असतात, एक कन्व्हर्टरच्या आधी, एक नंतर. पुढचा सेन्सर धुरातल्या ऑक्सिजनची बाहेरच्या हवेशी तुलना करतो. पेट्रोल कमी पडत असेल तर साधारण ०.१ व्होल्ट, जास्त होत असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास. इंजिन तापलं की हा आकडा सारखा भराभर खालीवर व्हायला हवा, कारण त्याच्यावरच गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल कमीजास्त करत असतो. आमचा आकडा रेंगाळत होता. वर जायला वेळ, खाली यायला त्याहून वेळ. मागचा सेन्सर मात्र ०.७ च्या जवळ स्थिर होता. कन्व्हर्टर खराब असता तर मागचाही पुढच्यासारखा नाचला असता. म्हणजे बेचाळीस हजारांचं जे काम सांगितलं होतं, त्याची गरजच नव्हती.

"मामा, तो जुना सेन्सर आण बरं," भाचा म्हणाला. पिशवी उघडली. आतल्या सेन्सरला एकच वायर होती. बॅटरीच्या उजेडात खाली वाकून पाहिलं तर गाडीवरच्या सेन्सरच्या कपलरला (वायरी जोडायच्या प्लगला) चार वायरी. दोन आतल्या हीटरच्या, दोन सिग्नलच्या. मला दिलेला पार्ट माझ्या गाडीचा नव्हताच. पिशवी मी दहा दिवस उघडलीच नव्हती, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी नाना पेठेतल्या एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. त्यांनी पुढचा सेन्सर खोलून समोर ठेवला. पाना लावायच्या षटकोनी भागावर तारेच्या ब्रशचे ताजे ओरखडे, टोकाला पांढरट पुटं. सेन्सर घासूनपुसून परत बसवला होता आणि स्कॅनरने कोड पुसला होता. कोड पुसला की दिवा जातो. गाडी चालताना कॉम्प्युटर सेन्सरची चाचणी पुन्हा घेतो, त्यात तो पुन्हा नापास होईपर्यंत दिवा लागत नाही. मधले दिवस गिऱ्हाईक खूश.

पांढरी पुटं पाहून त्यांनी विचारलं, "टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनावरचं झाकण, कधी उघडलं होतं का?" उघडलं होतं, चार महिन्यांपूर्वी, त्याच गॅरेजमध्ये, ऑइल गळत होतं म्हणून. गळती बंद करायला साधं सिलिकॉन लावून बसवलं असेल तर त्याची वाफ इंजिनातून सेन्सरपर्यंत जाते आणि त्याच्यावर असा थर धरतो, असं त्यांचं म्हणणं. सेन्सरला चालणारं सिलिकॉन वेगळं मिळतं. हा थर ब्रशने जात नाही.

नवा सेन्सर घ्यायला ते मलाच दुकानात घेऊन गेले. जुन्यावरचा पार्ट नंबर आणि गाडीचा चासी नंबर दोन्ही जुळवले. शेजारच्या दुकानात १,४०० चा युनिव्हर्सल सेन्सर होता, वायरी कापून जोडायचा. त्यांनी नको म्हटलं. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या आतूनच मिळते, जोड चुकला किंवा डाग देऊन बुजवला की रीडिंगच चुकतं. ४,३५० रुपयांना, जीएसटी बिलावर पार्ट नंबर छापून, कपलरसकट सेन्सर मिळाला. आधी त्यांनी मॅनिफोल्डचा (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा) जोड तपासला, कारण सेन्सरच्या आधी धूर गळत असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि चांगला सेन्सरही चुकीचा ठरतो. मग इंजिन कोमट असताना २२ चा खाचवाला सॉकेट लावून सेन्सर बसवला. ग्रीस फक्त आट्यांना, टोकाला अजिबात नाही. मजुरी ४००. एव्हरेज आता साडेपंधरा.

आणि जुना कन्व्हर्टर त्याला का हवा होता, तेही तिथेच कळलं. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारातही त्याला चांगला भाव येतो. काकूंना मी विचारलं, तुमचा जुना कुठे आहे? त्या म्हणाल्या, "अरे, ते लोखंड मी घरी आणून काय करणार होते?"

गॅरेजवाला अजून म्हणतो, पार्ट टाकलाय. चिठ्ठीवर पार्ट नंबर नाही, म्हणून तो ठाम आहे. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि त्याला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली. जिल्हा ग्राहक आयोगात जायला घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. खोललेला सेन्सर, एक वायरवाला सेन्सर, दोन्हींचे फोटो, स्कॅनरवरचे तारखेचे स्क्रीनशॉट आणि नाना पेठेतल्या मेकॅनिकनी सहीनिशी लिहून दिलेला कागद, सगळं एका फाइलमध्ये लावलंय. काकूंची बँकेची एंट्री सापडली की त्यांचीही तक्रार याच आठवड्यात टाकतोय.